ग्रेड मान्य

मी सही करायला तिसरीत शिकले, आणि ज्या माणसानं ती शिकवली त्याला स्वतःला सही येत नव्हती. माझा बाप दिग्रसच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होता. दर शनिवारी पगाराच्या कागदावर अंगठा देऊन यायचा, आणि तो जांभळा अंगठा रविवारी दुपारपर्यंत तसाच असायचा. धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीत पोरापोरींना शाळेत घालायची चढाओढ लागली होती. बापानं गुरुजींना गाठलं, माझं पूर्ण नाव आणि त्याखालची रेघ त्यांच्याकडून कागदावर काढून आणली आणि मला पाटी घेऊन बसवलं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा भरायची. सही जमली त्या दिवशी तो म्हणाला, "आता तुही सही तूच करायची. कोणालेच करू द्याची नाई. बापालेही नाई." मला हसू आलं होतं. त्याला कुठं येणार होती माझी सही करायला!

पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले. आधी आर्णीकडच्या एका खेड्यात, मग बदली होऊन दिग्रसला. सोबतच्या बाया प्रगतिपुस्तकांवर भराभर दोन वेलांट्या काढून मोकळ्या व्हायच्या. मी प्रत्येक पुस्तकावर पूर्ण नाव लिहायची आणि खाली सरळ रेघ ओढायची. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, तुमच्या सहीत आमचा एक तास जातो." जाऊ दे म्हणायची मी.

आमचे हे सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कापसाची गाडी केंद्रावर आली की ग्रेडर तिच्यात कोपरापर्यंत हात घालतो, मधला मूठभर कापूस उपसतो, दोन्ही हातांच्या बोटांत धागा ओढून लांबी बघतो, ओल बघतो, काडीकचरा बघतो आणि एक शब्द बोलतो. सुपर, फेअर किंवा त्याच्याही खालचं काही. त्या एका शब्दावर अख्ख्या गाडीचा भाव ठरायचा. मग चिठ्ठी फाडायची. तिच्यावर 'ग्रेड मान्य' असं हे स्वतःच लिहायचे, आणि खाली गाडीवाल्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचे.

माणूस लबाड नव्हता. कोणाचा फुकट चहा प्यायला नाही, हे मी कुठंही सांगेन. पण कोणी कुरकुर केली की यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जबरदस्ती नाई. मान्य असन तं सही कर, नाईतं गाडी फिरव." आता चार-चार दिवस रांगेत उभी असलेली गाडी कोण फिरवणार? बैलांचा कडबा संपलेला, सोबत आणलेल्या भाकरी संपलेल्या. लोक मुकाट सही करायचे. यांच्या लेखी ते मान्य असायचं.

एकदाच एक गाडी फिरली. तांड्यावरची एक बाई होती, एकटीच गाडी हाकत आलेली. फेअर ऐकल्यावर तिनं चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, परत यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मले मान्य नाई." आणि खरंच बैल वळवले. हे हा किस्सा लग्नकार्यात रंगवून सांगायचे. "तीस वर्षांत एकच गाडी फिरली, आन तीही एका बाईनं फिरवली!" लोक हसायचे. मीही हसायची, खोटं कशाला बोलू.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. खरेदी केंद्रं एकेक करून बंद पडली, जिनांच्या फाटकांना कुलपं लागली, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात अशा कारणांनी यायला लागलं की परगावी गाव सांगताना जीभ अडायची. हे निवृत्त झाले, पण बोटांची सवय काही गेली नाही. पोळी मोडून फेअर म्हणायचे, टमाटं दाबून फरदड म्हणायचे. फरदड म्हणजे अगदी शेवटच्या वेचणीचा, जीव गेलेला कापूस. मला पाहायला आले होते तेव्हा म्हणे यांनी बाहेर पडल्यावर मित्राला 'सुपर' असं सांगितलं होतं. संसारात मी हळूहळू फेअरवर आले, असं मी चिडवायची. त्यावर यांचं उत्तर, "तुह्या चिठ्ठीवर मी अजून सही घेतलीच नाई ना वं." हा आमचा घरातला जुना विनोद होता.

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा जर्मनीत नोकरीला होती. तिच्याकडे तीन महिने राहायला जायचं ठरलं त्याच्या आदल्या वर्षी माझ्या डाव्या गुडघ्याचं नागपूरला ऑपरेशन झालं होतं. आत धातूचा सांधा बसवलेला. पाय पुरता दुमडायचा नाही, आणि तासाभराच्या वर दुमडून बसलं की सुजायचा. मुलीनं म्हणून विमानातल्या पुढच्या, मोठ्या वर्गाची तिकिटं काढली. मी किती नको म्हटलं. फोनवर ती म्हणाली, "आई, हा लाड नाई. तुह्या पायासाठी हाय. खुर्चीचा पलंग होते तिथं. पाय लांब करून झोपून ये." मग एकट्या बाबांना मागं कसं बसवायचं, म्हणून त्यांचंही तिकीट पुढचंच काढलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मोठ्या वर्गाची जागा माझ्या गुडघ्याची होती, आणि यांची होती ती माझ्या सोबतीची.

त्या खुर्चीचा फोटो मुलीनं पाठवला होता. तो पाहायला शेजारच्या बाया येऊन गेल्या. एकीनं विचारलं, "झोपा लागते म्हणजे बिछाना बी घेऊन जाता काय?" दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून धामणगाव आणि तिथून रेल्वेनं मुंबई. हे सबंध रस्ता तिकिटांच्या कागदावर हात ठेवून बसले होते.

विमानतळावर मला चाकाची खुर्ची मिळाली. ती ढकलणाऱ्या बाईंनी मला आधी बाथरूमला नेलं. पायामुळे मला तिथं वेळ लागतो. परत आले तर हे काउंटरपासून चार पावलं बाजूला उभे, कागद शर्टच्या खिशात, आणि पेनाचं टोपण लावत होते. टोपण लावत होते हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

"एक घोटाळा झाला," हे म्हणाले. "पुढची एक खुर्ची बिघडली म्हणते. दोघांतून एकाले मागच्या वर्गात बसा लागते."

"मंग?"

"कंप्युटरनं तुयं नाव काढलं."

"त्याले माहा पाय माहीत नाई काय?"

"सांगतलं ना मी. लय भांडलो. पण एकदा कंप्युटरनं नाव काढलं का बदलत नाई म्हणते ते."

मी म्हटलं, मी बोलतो त्या काउंटरवरच्या पोरीशी. आमच्याकडे बायाही बोलताना 'मी जातो, मी करतो'च म्हणतात. हे म्हणाले, "आता झालं ते. उशीर करशीन तं विमान सुटन." मी गप्प बसले. शिक्षणाधिकाऱ्यांना वर्गाबाहेर थांबवून परीक्षा पूर्ण घेतलेली बाई मी, पण तिथं गप्प बसले. कारण एवढंच, की आपला माणूस आपल्यासाठी भांडून हरला असेल तर त्याला आणखी खाली पाहायला लावू नये, असं मला वाटलं. त्या क्षणी मला त्यांची दया आली होती. आज त्या दयेची आठवण झाली की अंगाचा तिळपापड होतो.

मागच्या वर्गात मला मधल्या रांगेतली कडेची खुर्ची मिळाली. पुढच्या माणसानं आपल्या खुर्चीची पाठ माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि घोरायला लागला. पाय सरळ करायचा तर वाटेत ठेवावा लागायचा. जेवणाची ढकलगाडी आली की आत घ्यायचा, गेली की बाहेर. एकदा मला डुलकी लागली आणि गाडीचं चाक सरळ नडगीवर आदळलं. ओरडू नये म्हणून मी पदर तोंडात धरला. आमच्या आणि पुढच्या वर्गाच्या मध्ये एक निळा पडदा होता. हे एकदा तो सारून माझ्याजवळ आले. कागदी रुमालात गुंडाळलेली दोन चॉकलेटं आणि तिकडं वाटलेले मऊ मोजे माझ्या हातात दिले.

"झोपली नाई काय?"

"कशी झोपू?"

माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग पडदा सारून पुन्हा पुढं गेले. ते मोजे मी घातले नाहीत. पिशवीत जपून ठेवले, यांनी आठवणीनं आणले म्हणून.

उतरले तेव्हा गुडघा मडक्याएवढा झाला होता. मुलगी मला चाकाच्या खुर्चीतून येताना पाहून आधी रडली आणि मग भडकली. तिकडच्या नियमाप्रमाणे प्रवाशाला खालच्या वर्गात बसवलं तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागतात, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात पाऊण हिस्सा द्यावा लागतो, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, पैशाचं तू पाहा. मला त्यांच्याकडून एक ओळ लिहून पाहिजे, की तुमच्या बाबतीत आमचं चुकलं. मुलीनं दोन्ही मागण्या लिहून कंपनीला पत्र पाठवलं. हे म्हणाले, "कायले भानगड? सोडून द्या ना." आम्ही मायलेकी हसलो. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, कागदाला भिणारच.

त्या तीन महिन्यांबद्दल मला लिहायलाच हवं. रोज संध्याकाळी हे तिळाचं तेल कोमट करायचे, माझा पाय उशीवर घ्यायचे आणि अर्धा-अर्धा तास गुडघा चोळायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःचा चहा कधी गाळून घेतला नव्हता. तिथं सकाळी माझ्या आधी उठून माझा चहा करायचे. बोटं तीच, कापसाचा धागा ओढणारी. कुठं दुखतं ते न सांगता कळायचं त्यांना. मी मुलीला म्हटलं, "तुह्या बापाले उशिरा का होईना, बायको दिसली." ती म्हणाली, "आई, तू लाजून राह्यली." लाजत होते मी. खरं सांगते, सगळ्या संसारात मी त्या तीन महिन्यांएवढी सुखी कधी नव्हते. येताना दोघांना पुढच्याच खुर्च्या मिळाल्या. मी पाय लांब करून झोपले. जाग आली तेव्हा हे जागेच होते आणि माझं पांघरूण सारखं करत होते.

कंपनीचं उत्तर आम्ही परत आल्यावर आलं. मुलीनं ते मला ईमेलवर पाठवलं आणि फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "आई, तू एकटी जाऊन वाच." दिग्रसला बसस्टँडजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं इंटरनेट आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आता त्याचीच पोरं कॉलेजात जायची, पण मला पाहिलं की अजून उभा राहायचा. त्यानं दोन पानं काढून दिली. पहिलं पान इंग्रजीत. मी इंग्रजी हळू वाचते, पण वाचते.

लिहिलं होतं की एक खुर्ची नादुरुस्त होती हे खरं. कोणी मागं बसायचं हे ठरवण्याची विनंती आमच्या कर्मचाऱ्यांनी दोन्ही प्रवाशांना केली. प्रवाशांनी आपसांत ठरवलं, आणि सदर महिला प्रवाशानं खालच्या वर्गात बसायला राजीखुशीनं मान्यता देऊन सही केली. म्हणून पैसे परत देता येत नाहीत आणि दिलगिरीचा प्रश्न येत नाही. सहीच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.

मी म्हटलं, मी कुठं सही केली? दुसरं पान त्याच्या हातात होतं. तो ते उजेडाकडं धरून पाहत होता.

"बाई, ही सही तुमची नाई."

"कशावरून?"

"चार वर्षं तुमची सही पाह्यली ना मी प्रगतिपुस्तकावर. ते पाहूनच बापाचा मार खाल्ला. तुमची रेघ सरळ रायते बाई. ही वर गेली हाय."

मी कागद घेतला. दोघांची नावं छापलेली होती, आणि माझ्या नावासमोर पेनानं बरोबरची खूण केलेली होती. खाली माझं पूर्ण नाव मराठीत लिहिलेलं, त्याखाली रेघ. आणि त्या सगळ्या इंग्रजी मजकुरात, सहीच्या वर, मराठीत एक शब्द होता. मान्य. त्यातल्या अर्ध्या 'न'ला मागं ओढलेला बाक होता. तो बाक मी यांच्या अक्षरात दुधाच्या कॅलेंडरवर पाहिला आहे, किराण्याच्या यादीत पाहिला आहे. हजारो चिठ्ठ्यांवर तो तसाच असणार.

कोणत्याही कंप्युटरनं माझं नाव काढलं नव्हतं. विद्यार्थ्यानं पाणी आणून दिलं. मी त्याला पैसे द्यायला विसरले आणि घरी आले.

हे अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते. जर्मनीहून आल्यापासून घरातली अशी कामं त्यांनी धरली होती. मी कागद लसणावर ठेवला. यांनी चष्मा लावला नाही. न वाचता मान खाली घातली. तिथंच मला काय ते कळलं, तरी विचारलं.

"कंप्युटरनं नाव काढलं, नाई?"

यांनी हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या पोरीनं विचारलं, कोण जाते मागं? मागं रांग होती. लोक पाहून राह्यलते. मी म्हटलं, ही जाते."

"काहून?"

"तू नाई म्हणत नाईस. मले माहीत होतं."

"मंग मले विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं."

आणि हेच खरं होतं. विचारलं असतं तर मी गेलेच असते. गुडघा घेऊन गेले असते, वरून यांनाच म्हटलं असतं, तुम्ही नीट जेवा, लाजू नका. आयुष्यभर मी हो म्हणत आले, त्यात आणखी एक. पण तो हो माझा असता. यांनी तो माझ्या तोंडातून निघायच्या आधीच लिहून टाकला, माझ्या नावानं, माझ्या बापानं शिकवलेल्या अक्षरांनी.

"मले एकदा बसून पाहाचं होतं वं तिथं," हे म्हणाले. "जिंदगीभर लोकायच्या गाड्याजवळ उभा राह्यलो."

यात खोटं काही नव्हतं. मला ते समजलंसुद्धा, आणि समजलं म्हणून जास्तच राग आला.

"आन तेल?" मी विचारलं. "तेल कायचं होतं?"

यांनी एक पाकळी सोलली. दुसरी उचलली.

खुर्ची गेली त्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. नऊ-दहा तासांचा प्रवास, सुजलेला पाय, तो कसाबसा उतरला. पण ते तीन महिने? सकाळचा चहा, पांघरूण, ती जाणती बोटं? माझा नवरा शेवटी माझा झाला असं मी लेकीजवळ बोलून बसले होते. ते सगळं प्रेम होतं की पापाची फेड होती, हे आता मला कोण सांगणार? आणि यांनी सांगितलं तरी मी विश्वास कसा ठेवू? घरात जाऊन मी पिशवीतून ते विमानातले मोजे काढले आणि चुलीत टाकले. जळताना घाण वास आला.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, दोनच रस्ते हाय. सोडून दे, नाईतं लिही की ही सही तुही नाई. पण मंग ते विचारतीन, कोणाची हाय." ती बापाचीही लेक होती. हे दारात उभं राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "सही खोटी केली असं लिहिशीन तं माही इज्जत जाईन. तीस वर्षं नोकरीत डाग लागला नाई मले."

"डाग तुमच्या नोकरीवर नाई," मी म्हटलं.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. शेजारीण विचारून गेली, विमानवाल्यांचं कुठवर आलं? हे म्हणाले, "चालू हाय." मी आत पीठ मळत होते. मनात आलं, सोडून द्यावं. जिल्ह्यात लोकांवर काय काय गुदरतं आहे, आणि मी म्हातारी विमानातल्या खुर्चीसाठी घर पेटवते आहे. मग वाटलं, हा विचारसुद्धा माझा नाही. हाही कोणीतरी माझ्या नावानं करून ठेवलेला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतला उरलेला फुलस्केप काढला आणि लिहिलं. 'आपण पाठवलेल्या कागदावरची सही माझी नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. मला हे मान्य नाही.' खाली पूर्ण नाव, सरळ रेघ. मग दुसरा कागद यांच्यापुढं ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

"काय लिहू?"

"सही कोणी केली ते. तुमच्या हातानं."

हे कागदाकडं पाहत बसले. पेन उचलेनात. चहा निवून गेला. मी समोरच बसले होते. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. ठरवून आलं नव्हतं, पण आल्यावर मी ते अडवलंही नाही.

"जबरदस्ती नाई. मान्य असन तं सही करा, नाईतं गाडी फिरवा."

यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हे वाक्य यांनी किती लोकांना ऐकवलं असेल. यांना ते कोणी ऐकवलं नव्हतं. मग पेन उचललं. तीन ओळी लिहिल्या. पत्नीला न विचारता मी तिच्या नावे सही केली, असं लिहिलं. 'पत्नीला'तली वेलांटी चुकली होती. मी शाळेतली बाई आहे, मला ती लगेच दिसली. मी दुरुस्त केली नाही.

मुलीनं दोन्ही कागद इंग्रजी करून पाठवले. दोन महिन्यांनी तिच्या खात्यात पैसे जमा झाले, तिनं काढलेल्या तिकिटाचे होते, तिच्याकडेच राहिले. मला पत्र आलं. त्यात एक ओळ होती. 'आपल्या संमतीशिवाय आपल्याला खालच्या वर्गात बसवण्यात आलं, आणि आमच्या कर्मचाऱ्यांनी आपल्याला स्वतः विचारून खात्री केली नाही, याबद्दल आम्ही आपली माफी मागतो.' मी ती मराठीत उतरवून घेतली आणि यांच्यासमोर वर्गात वाचतात तशी मोठ्यानं वाचली.

हे सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं."

मी थांबले. यांचा चहा संपेपर्यंत थांबले. यांनी बशी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि उठून तेलाची वाटी शेगडीवर ठेवली.

"आन पाय इकडं."

"नको," मी म्हटलं.

तेव्हापासून गुडघ्याला तेल मीच लावते. वाकता येत नाही म्हणून मागच्या बाजूला हात पोचत नाही, तेवढी जागा राहून जाते.

पुढच्या उन्हाळ्यात पुसदला नात्यात एक लग्न होतं. जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली, आणि कोणीतरी यांना जुना किस्सा सांगायचा आग्रह केला. मी बायांच्या घोळक्यात पाय लांब करून बसले होते. हे खुलले. गाडी, बैल, तांड्यावरची बाई, सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि नेहमीच्या जागी आले. "तीस वर्षांत एकच गाडी फिरली..."

"दोन," मी म्हटलं.

लोक हसले. त्यांना वाटलं, बाईंनी नवऱ्याची फिरकी घेतली. यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पान लावायला घेतलं. कंपनीचं पत्र माझ्या ट्रंकेत प्रगतिपुस्तकांच्या कोऱ्या नमुन्यांखाली आहे. ज्यांनी माझं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांनी माफी लिहून दिली. घरातली अजून आलेली नाही, आणि ती मागून घ्यायची नाही असं मी ठरवलं आहे.